एक फू, सहा श्येन : हुइझोउच्या हद्दीची गोष्ट

चीनमधल्या आनहुई प्रांताचे नाव दोन शहरांच्या नावांची पहिली अक्षरे जोडून तयार झाले आहे. आनछिंगमधले 'आन' आणि हुइझोउमधले 'हुई'. छिंग राजवटीत, १६६७ च्या सुमारास, जियांगनान नावाच्या अवाढव्य आणि श्रीमंत प्रांताची फाळणी झाली. तेव्हा पूर्वेकडच्या भागाला जियांगनिंग आणि सूझोउ यांवरून जियांगसू म्हटले गेले, आणि पश्चिमेकडच्या भागाला आनहुई. आनछिंग आजही नकाशावर आहे. हुइझोउ मात्र १९८७ मध्ये सरकारी निर्णयाने पुसले गेले. प्रांताच्या नावात उरलेले 'हुई' हे अक्षर आता ज्या जागेकडे बोट दाखवते, त्या जागेचे अधिकृत नाव 'ह्वांगशान शहर' असे आहे.

प्रशासकीय विभागांचा इतिहास हा बहुतेकांना कंटाळवाणा विषय वाटतो आणि त्यांचे फारसे चुकत नाही. कुठला भाग कोणत्या साली कुठून काढून कुठे जोडला याच्या याद्या वाचताना माझेही डोळे मिटतात. पण हुइझोउच्या बाबतीत या याद्यांच्या मागे दंगे आहेत, फाशीची शिक्षा आहे, परदेशी शिकून आलेल्या विद्वानांचा संताप आहे. एक हद्द माणसांना किती लागू शकते हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आधी दोन शब्द. चिनी राज्ययंत्रणेचा सर्वांत टिकाऊ एकक म्हणजे 'श्येन'. इंग्रजी पुस्तके त्याला काउंटी म्हणतात. आकाराने आपला एखादा मोठा तालुका, अधिकाराने बराचसा जिल्हा, अशी त्याची जात आहे, म्हणून मी त्याचे भाषांतर न करता श्येनच म्हणणार आहे. या शब्दासाठी वापरले जाणारे जुने चिनी अक्षर मुळात 'टांगणे' या अर्थाचे होते. सरदाराच्या वतनात न देता थेट राजाच्या हाताला टांगून ठेवलेला मुलूख, असा तो अर्थ मानला जातो. इ. स. पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने सगळा चीन जिंकला, वतने मोडली आणि देश ३६ विभागांत व त्यांच्या खालच्या श्येनांत वाटून टाकला. वरचे विभाग पुढे सतत बदलत गेले. कधी त्यांना जुन म्हटले, कधी झोउ, कधी फू. मिंग आणि छिंग काळात काही श्येन मिळून एक फू होत असे आणि काही फू मिळून प्रांत. श्येन मात्र तसाच राहिला.

किती तसाच? हान राजवटीच्या इतिहासात इ. स. २ मधली मोजणी दिलेली आहे. त्यात श्येनच्या दर्जाचे एकूण १५८७ विभाग आहेत आणि लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास. अठराशे वर्षांनी, छिंग काळाच्या अखेरच्या शतकात, लोकसंख्या ४० कोटींच्या पुढे गेली होती आणि श्येनांची संख्या तेराशे ते पंधराशेच्या दरम्यानच घुटमळत होती. अमेरिकी अभ्यासक विल्यम स्किनर यांनी या आकड्यांकडे लक्ष वेधले. माणसे सातपट झाली, कचेऱ्या तेवढ्याच राहिल्या, याचा अर्थ राज्यसंस्था गावापासून हळूहळू दूर सरकत गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जो विभाग दोन हजार वर्षे मोडला जात नाही, त्याला लोक सरकारी विभाग मानायचे थांबवतात. तो त्यांचा 'गाव' होतो.

श्येनचा प्रमुख अधिकारी 'झ-श्येन'. पदनामाचा शब्दशः अर्थ 'श्येन जाणणारा'. यात थोडी गंमत आहे, कारण तो श्येन त्याला अजिबात ठाऊक नसे. स्वतःच्या प्रांतात नेमणूक घ्यायची नाही असा सक्त नियम होता. नातेवाईक, जातगोत, जमिनीचे हितसंबंध यांपासून अधिकारी लांब राहावा हा हेतू. परिणाम असा की मामलेदार येई तो परक्या बोलीचा, दोन-तीन वर्षांत बदलून जाणारा, आणि कर वसूल करणे, खटले चालवणे, बंडखोर पकडणे, परीक्षा घेणे ही सगळी कामे एकट्याच्या डोक्यावर असलेला. लोक त्याला 'मायबाप अधिकारी' म्हणत. कारभार खरा चाले तो स्थानिक कारकुनांच्या आणि शिपायांच्या हातून. नवा मामलेदार पहिल्या दिवसांत काय करी, तर त्या श्येनचा 'स्थानिक वृत्तान्त' वाचायला घेई. डोंगर, नद्या, पूल, देवळे, कर, पिके, पतिव्रता, परीक्षा पास झालेले सुपुत्र असे सगळे त्यात असे. असे आठ हजारांहून अधिक वृत्तान्त आज शिल्लक आहेत. आपल्याकडच्या ब्रिटिश गॅझेटियरांहून एक मोठा फरक म्हणजे ते लिहिण्यात स्थानिक विद्वानांचा मोठा हात असे आणि ते अभिमानाने लिहिलेले असत.

आता हुइझोउ. दक्षिण आनहुईतला हा डोंगराळ मुलूख, शेतीला जमीन थोडी. शे आणि यी हे इथले दोन श्येन छिन काळापासूनचे. श्यूनिंग त्यानंतरचा. वूयुआन ७४० साली झाला, छीमेन आणि जीशी ७६६ साली. आठव्या शतकात हा सहाचा आकडा पुरा झाला आणि पुढे हजार-अकराशे वर्षे त्यात फरक पडला नाही. वरच्या विभागाचे नाव तेव्हा शेझोउ होते. ११२० मध्ये फांग ला याचे मोठे बंड झाले, ते मोडून काढल्यावर ११२१ मध्ये सम्राटाने नाव बदलून हुइझोउ केले. म्हणजे हे लाडके नावही मुळात बंडखोर मुलखावर वरून चिकटवलेली चिठ्ठीच होती.

शांघायच्या फुदान विद्यापीठातले झोउ झेनह या इतिहासकारांनी चिनी हद्दी आखण्याची दोन तत्त्वे दाखवून दिली आहेत. एक, डोंगर आणि नद्या जशा आहेत तशी हद्द. दुसरे, कुत्र्याच्या दातांसारखी एकमेकांत अडकवलेली हद्द. पहिल्या तत्त्वाने कारभार सोपा होतो, पण नैसर्गिक तटबंदी असलेला प्रांत उद्या बंड करून स्वतंत्र होण्याची भीती असते. म्हणून दुसरे तत्त्व. मंगोलांच्या युआन राजवटीत छिनलिंग पर्वताच्या दक्षिणेचे हानझोंग खोरे सिचुआनच्या बाजूचे असूनही उत्तरेच्या शान्शीला जोडले गेले. सिचुआनचा उत्तर दरवाजा दुसऱ्याच्या हातात. आजही ते शान्शीतच आहे. आनहुई प्रांत याच मासल्याचा आहे. ह्वाय नदीच्या उत्तरेचा गहू खाणारा भाग, मधला भाग, आणि यांगत्सेच्या दक्षिणेचा भात खाणारा डोंगराळ भाग, असे तीन परके तुकडे एका नावाखाली बांधलेले.

हुइझोउमध्येही हा पेच आहे. शे, श्यूनिंग, जीशी यांचे पाणी शिनआन नदीतून पूर्वेकडे झेजियांगमध्ये जाते. वूयुआन आणि छीमेनचे पाणी मात्र उलट्या दिशेने, जियांगशी प्रांतातल्या पोयांग सरोवराकडे वाहते. नदीचे ऐकायचे ठरवले तर वूयुआन जियांगशीचा. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

ही सहा भावंडे गुण्यागोविंदाने नांदत होती असे मुळीच नाही. १५६९ मध्ये शे श्येनमधल्या श्वाय ज्यामो नावाच्या माणसाला एक विचित्र गोष्ट सापडली. हा माणूस ना अधिकारी, ना बडा पदवीधर, पण हिशेबात पक्का. हुइझोउ फू दरवर्षी नानजिंगच्या सरकारी कोठाराला ८७८० ताके रेशीम कर म्हणून देत असे. कर फूच्या नावावर, सहांवर मिळून. पण श्वायने नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा कळले की भरत आहे एकटा शे. चांदीत हिशेब केला तर सहा हजारांहून अधिक लियांग, दोन शतके, दरवर्षी. बाकीचे पाच श्येन गप्प.

श्वायने अर्ज केला. तो ज्या वरिष्ठांकडे गेला त्यांत आपल्या सचोटीसाठी चीनभर प्रसिद्ध असलेले हाय रुई होते. पण ते लवकरच पदावरून गेले आणि कागद थंड पडले. काही वर्षांनी प्रकरण पुन्हा उघडले. पाच श्येनांचे म्हणणे असे, की हा कर मिंग राज्याच्या आरंभी शेच्याच जुन्या गव्हाच्या तुटीपोटी बसवलेला आहे, तो शेनेच भरावा. शेचे म्हणणे, दाखवा कागद. इथे मला सर्वांत रोचक वाटते ती सहा मामलेदारांची वागणूक. सगळे परप्रांतीय, सगळे उद्या बदलून जाणारे, आणि तरी प्रत्येक जण आपापल्या श्येनची बाजू हिरिरीने मांडत होता. कारण साधे आहे. वसुली थकली तर त्याच्याच सेवापुस्तकावर शेरा येणार. परक्या माणसालाही खुर्ची स्थानिक करते.

१५७७ मध्ये अर्थमंत्रालयाने रेशीमकर सहा श्येनांत वाटून टाकायचा निकाल दिला. अर्थमंत्री होते यिन झेंगमाओ, शे श्येनचे रहिवासी. आता आग लागायला आणखी काय हवे होते? वूयुआन आणि श्यूनिंगमध्ये लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, कचेऱ्यांना वेढे पडले. सरकारने घाबरून पाऊल मागे घेतले. शेवटी तडजोड अशी निघाली, की रेशीम शेनेच भरायचे, पण दुसऱ्या एका देण्यात शेला सूट द्यायची. आणि दंगा झाला म्हणजे शिक्षा व्हायलाच हवी, म्हणून ती झाली. ज्याने हिशेबातली चूक दाखवली त्या श्वायला फटके आणि तीन हजार ली दूर हद्दपारी. वूयुआनच्या आंदोलनाचा पुढारी छंग रनछिंग याला देहान्ताची शिक्षा, जी पुढे सौम्य होऊन हद्दपारीवर आली. तुरुंगात बसून या छंगने प्रकरणाचे सगळे कागद, अर्ज, निकाल, शत्रुपक्षाची पत्रेसुद्धा, गोळा करून आठ खंडांचा 'रेशीम प्रकरणाचा समग्र ग्रंथ' तयार केला. आज आपल्याला हे सगळे ठाऊक आहे ते त्याच्यामुळे. स्वतःला ठार करू पाहणाऱ्या सरकारचे कागद एवढ्या निगुतीने लावून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला विलक्षण आदर वाटतो.

या भांडणावरून कोणी म्हणेल, फू ही कागदावरची मोळी होती आणि खरी निष्ठा श्येनपुरती. घरात तसेच होते. पण हुइझोउचे लोक घरात राहतच नव्हते. जमीन अपुरी म्हणून मुलगा मिसरूड फुटण्याआधी व्यापाराला बाहेर पडे. शेचे लोक मिठाच्या व्यापारात, श्यूनिंगचे गहाणवटीच्या पेढ्यांवर, वूयुआनचे चहा आणि लाकडात. यांगझोउचे गडगंज मीठव्यापारी मोठ्या प्रमाणात हुइझोउचेच. परमुलखात गेल्यावर श्येन लहान पडतो. तिथे कामाला येतो तो फू. म्हणून शहरोशहरी हुइझोउकरांच्या सभा आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. शांघायमध्ये १७५४ मध्ये हुइझोउ आणि शेजारच्या निंगग्वोच्या लोकांनी मिळून अशी संस्था काढली. परगावी मेलेल्या माणसाची शवपेटी ठेवायची, जमले तर घरी पोहोचवायची, हे अशा संस्थांचे मोठे काम. रेशमाच्या करावरून एकमेकांची डोकी फोडणाऱ्यांचे नातू-पणतू हांकोउत एकाच छताखाली झू शीची पूजा करत होते.

हे झू शी बाराव्या शतकातले थोर तत्त्वचिंतक. चिनी परीक्षापद्धतीत सहाशे वर्षे कन्फ्यूशियसचा अर्थ लागला तो त्यांच्या भाष्यांतून. त्यांचा जन्म फुजियानमध्ये ११३० साली झाला, पण घराणे मूळचे वूयुआनचे. त्यामुळे वूयुआन हे हुइझोउचे एक प्रकारे तीर्थक्षेत्र.

१९१२ नंतर प्रजासत्ताकाने फू हा स्तर मोडीत काढला. कागदोपत्री हुइझोउ फू संपला. सहा श्येन आता आनहुई प्रांतातले सहा सुटे श्येन. आणि मग १९३४ मध्ये च्यांग कै-शेक यांच्या सरकारने वूयुआन आनहुईतून काढून जियांगशीला दिला. कारण लष्करी होते. जियांगशीतल्या कम्युनिस्ट तळांविरुद्ध मोहीम चालू होती, वूयुआन डोंगरापलीकडे पडलेला, आनहुईच्या फौजेला तिथे पोहोचणे अवघड. नदीचे ऐकावे तर निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल. पण वूयुआनच्या लोकांनी तो मानला नाही. अर्ज, सभा, शिष्टमंडळे सुरू झाली. नानजिंग आणि शांघायमधल्या हुइझोउकरांच्या संस्थाही उतरल्या. जीशीचे सुपुत्र हू शिह, कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी, चिनी नवसाहित्याचे अग्रणी, परंपरेवर आयुष्यभर टीका करणारे माणूस, तेही या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले. झू शींच्या पूर्वजांचा गाव दुसऱ्या प्रांतात जावा हे त्यांनाही सोसेना.

गमतीची गोष्ट अशी की ज्या फूच्या एकीसाठी हे चालले होते, तो फू बरखास्त होऊन वीसेक वर्षे लोटली होती. आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी याच वूयुआनने 'आम्ही तुमचे देणे लागत नाही' म्हणून दंगा केला होता. मला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. एकाच वहीत नावे असलेली माणसेच त्या वहीवरून भांडतात. जियांगशीशी वूयुआनचे भांडण कधी झाले नव्हते, कारण नातेच नव्हते.

युद्धाच्या वर्षांत चळवळ थंडावली, १९४६ मध्ये पुन्हा पेटली, आणि १९४७ मध्ये वूयुआन खरोखर आनहुईत परत आला. दोनच वर्षे. मे १९४९ मध्ये कम्युनिस्ट फौजा आल्या आणि वूयुआन पुन्हा जियांगशीच्या कारभारात गेला. या वेळी शिष्टमंडळे निघाली नाहीत. सीमाभागातल्या गावांची कहाणी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला इथे काय आठवेल ते मी सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्याकडे निदान मोर्चे निघत राहिले.

उरलेले हुइझोउ नव्या राजवटीत 'विशेष विभाग' आणि पुढे 'दीछू' या नावाने पुन्हा एकत्र आले. दीछू म्हणजे प्रांत आणि श्येन यांच्यामधली, प्रांताने पाठवलेली कचेरी. १९५४ च्या राज्यघटनेत या स्तराला जागा नव्हती, पण प्रत्यक्षात तिच्यावाचून चालत नव्हते. १९८० च्या दशकात नवे वारे आले. शहरे विकासाची इंजिने आहेत, म्हणून आजूबाजूचे श्येन शहराच्या हाताखाली द्यावेत, असे धोरण १९८३ पासून जोरात राबवले गेले. दीछू एकामागून एक 'शहरे' झाली. आज या मधल्या स्तरावरच्या ३३३ विभागांपैकी २९३ 'शहरे' आहेत. त्यांतल्या कित्येकांत दिवसभर गाडी चालवली तरी खिडकीबाहेर शेते आणि डोंगर. शहराने खेड्याला वर ओढावे ही कल्पना. खेड्यांचा पैसा शहराच्या रस्त्यांत जिरतो अशी तक्रार चिनी अभ्यासकांनीच पुढे केली.

हुइझोउच्या वाट्याला हे धोरण पर्यटनाचा हात धरून आले. उत्तरेला ह्वांगशान हा देखणा पर्वत. जुलै १९७९ मध्ये डंग श्याओफिंग तिथे चढून गेले आणि पर्यटन वाढवा असे सांगून आले. नोव्हेंबर १९८७ मध्ये निर्णय झाला. हुइझोउ दीछू रद्द, त्या जागी ह्वांगशान शहर. मुख्यालय थुनशी. जीशी काढून शेजारच्या श्वानछंगला दिला. पर्वताच्या पायथ्याचा थायफिंग श्येन, जो हुइझोउच्या सहांत कधीच नव्हता, तो 'ह्वांगशान तालुका' झाला. आणि हुइझोउ हे नाव? शे श्येनमधून यानस गावाच्या भोवतीचा मुलूख कापून एक छोटा शहरी विभाग केला आणि त्याला 'हुइझोउ विभाग' म्हटले. जुन्या फूची राजधानी, तिची वेस आणि कमानी, हे सगळे शेच्या गावात आहे. ते या विभागात नाही. घराचे नाव काढून गोठ्यावर लावावे तसा हा प्रकार.

ह्वांगशान नावाचा पर्वत, ह्वांगशान नावाचे शहर आणि ह्वांगशान नावाचा विभाग एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर असल्याने प्रवासी आजही चुकतात. नाव परत द्या अशी मागणी चीनमध्ये अधूनमधून उठते. ती अशक्य कोटीतली नाही. हुबेईमधल्या श्यांगफान शहराने २०१० मध्ये आपले प्राचीन नाव श्यांगयांग परत मिळवले. पण उलटा प्रवाह जास्त जोराचा आहे. युन्नानमधल्या झोंगद्येन श्येनने २००१ मध्ये जेम्स हिल्टन या इंग्रज लेखकाच्या १९३३ मधल्या कादंबरीतले काल्पनिक नाव अधिकृतपणे घेतले, आणि तो शांग्रिला झाला. पर्यटक वाढले. कादंबरीतल्या गावाला खऱ्या श्येनचा दर्जा मिळू शकतो, तर खऱ्या फूचे कादंबरीत रूपांतर व्हायला कितीसा वेळ लागतो?

विद्यापीठांत मात्र हुइझोउ जिवंत आहे. १९५० च्या दशकात रद्दीत निघालेले जुने कागद थुनशीच्या पुस्तकांच्या दुकानातून ग्रंथालयांपर्यंत पोहोचू लागले. जमिनीची खरेदीखते, वाटणीपत्रे, गहाणखते, खटल्यांचे कागद, दुकानांच्या वह्या, सुंग काळापासूनचे, काही लाखांच्या संख्येत. सामान्य चिनी माणसाच्या आर्थिक जीवनाची एवढी सलग नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. त्यावर 'हुइझोउविद्या' नावाची ज्ञानशाखाच उभी राहिली. तिच्या अभ्यासकांना वूयुआन आणि जीशी वगळता येत नाहीत. कागद सहा श्येनांचे आहेत.

वूयुआन आज जियांगशी प्रांतातल्या शांगराओ शहराच्या हाताखाली आहे. वसंतात तिथे सरसूची पिवळी शेते बघायला लाखो लोक येतात, आणि त्या शेतांमागच्या पांढऱ्या भिंती, काळी कौले, पायरीपायरीचे उंच कठडे दाखवताना जियांगशीतले वाटाडेही त्यांना 'हुई शैलीची घरे' म्हणतात. २०१५ मध्ये हफेई ते फूझोउ हा जलद रेल्वेमार्ग सुरू झाला. दक्षिणेकडे जाताना त्यावर जीशी उत्तर, शे उत्तर, ह्वांगशान उत्तर आणि वूयुआन अशी स्थानके ओळीने लागतात. पहिले श्वानछंगच्या हद्दीत, मधली दोन ह्वांगशान शहराच्या, चौथे दुसऱ्याच प्रांतात.